‘ययाति’ : आवडलेली आणि न पटलेली

आमच्या मोहन्यात ज्या घरात चार पुस्तके असतील त्या घरात ती कोणती असतील हे न बघता सांगता येते. एक बाबासाहेबांचे चरित्र, एक ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’, एक मुलांचे दहावीचे गाईड आणि चौथी बहुधा वि. स. खांडेकरांची ‘ययाति’. कुणाला ती शाळेत बक्षीस मिळालेली असते, कुणाला सेवानिवृत्तीच्या समारंभात हारासोबत दिलेली असते, तर कुणी कल्याण स्टेशनबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेली असते. आमच्या घरातली प्रत वडिलांची. रेयॉनच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाताना ते डब्याच्या पिशवीत ती ठेवीत. कारखाना २००९ साली बंद पडला, वडीलही आता नाहीत, पण प्रत आहे. तिच्या कोपऱ्यांना अजून तेलाचे डाग आहेत.

अशा या घरोघरच्या पुस्तकाबद्दल कुटुंबाच्या पानावर लिहायला हरकत नसावी. कारण वरची राजवस्त्रे बाजूला केली तर ‘ययाति’ ही एका बिनसलेल्या संसाराची गोष्ट आहे, आणि बिनसलेले संसार हे काही फक्त हस्तिनापूरलाच असतात असे नाही.

लेखकाबद्दल थोडे सांगते. खांडेकरांचा जन्म १८९८ सालचा, सांगलीचा. तरुणपणी ते कोकणात शिरोड्याला शाळामास्तर झाले आणि १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे तिथल्या गोरगरिबांच्या मुलांना त्यांनी शिकवले. नंतर कोल्हापूरला राहिले. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, तेव्हा हा मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. १९७६ साली ते वारले. गरिबाविषयी कळवळा असलेला, ढोंगाची चीड असलेला हा माणूस. त्यामुळे त्यांच्या पुस्तकाशी भांडण करताना मी बाहेरच्याशी भांडल्यासारखे भांडणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्याशी भांडावे तसे भांडणार आहे.

ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी. राजा नहुषाला ऋषींचा शाप आहे की त्याची मुले कधी सुखी होणार नाहीत. थोरला मुलगा यति लहानपणीच घर सोडून रानात निघून जातो. धाकटा ययाति राजा होतो. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आणि असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी शर्मिष्ठा या मैत्रिणी. वस्त्रांवरून दोघींचे भांडण होते, देवयानी विहिरीत पडते, ययाति तिला हात देऊन वर काढतो आणि ती त्याची राणी होते. पण राणी होताना ती अट घालते की शर्मिष्ठेने जन्मभर माझी दासी म्हणून माझ्याबरोबर यावे. पुढे नवरा-बायकोचे जुळत नाही. ययाति शर्मिष्ठेकडे वळतो, तिला पुरू हा मुलगा होतो. भेद उघड होतो, शर्मिष्ठेला मुलाला घेऊन पळावे लागते, ययाति वर्षानुवर्षे चैनीत बुडतो. अखेर शुक्राचार्य त्याला म्हातारपणाचा शाप देतात आणि ते म्हातारपण पुरू आपल्या अंगावर घेतो. मूळ महाभारतात देवयानीला दोन मुलगे आणि शर्मिष्ठेला तीन. खांडेकरांनी दोघींना एकेकच ठेवला, यदू आणि पुरू. त्यामुळे घरातली दोन टोके स्पष्ट दिसतात.

मला हे पुस्तक आवडले ते का, ते आधी सांगते. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना मी ते पहिल्यांदा वाचले. अकाऊंटन्सीचे पुस्तक वर आणि ‘ययाति’ खाली, अशी दोन रात्री. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतः बोलतात. एकच घर, पण तिघांच्या तोंडून तीन घरे ऐकू येतात. आमच्या चाळीच्या भिंती पातळ होत्या, शेजारचे भांडण आम्हाला पाठ असे, पण त्या भांडणाच्या आत तो काय विचार करतो आणि ती काय विचार करते हे भिंतीतून ऐकू येत नाही. ते या पुस्तकाने ऐकवले. दुसरे म्हणजे पुरुषाच्या मनातली वासना, मरणाची भीती, स्वतःची स्वतःच करून घेतलेली फसवणूक हे सगळे त्यांनी पुरुषाच्याच तोंडून वदवले. १९५९ सालच्या घरंदाज मराठी कादंबरीत हे धाडस होते. भाषा फुलांनी लगडलेली, हे खरे. दर पानावर एखादे वाक्य असे की ते वहीत उतरवून घ्यावे. माझी आई तशी वाक्ये खरेच उतरवून घेत असे आणि वस्तीतल्या दोन-चार लग्नपत्रिकांत ती छापूनही आली. दुःखी संसाराच्या कादंबरीतली वाक्ये लग्नपत्रिकेत! पण ती वाचायला गोड वाटत, हेही खरे.

आता न पटलेले.

मी एका पतपेढीत कारकून आहे. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतले महिला मंडळाचे काम बघते. त्यात घरगुती तंटे ऐकणे हा मोठा भाग. मागच्या वर्षावासात आम्ही ठरवले की नुसते तंटे ऐकण्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस एखादे पुस्तक मोठ्याने वाचावे. सगळ्यांकडे असलेले पुस्तक म्हणून ‘ययाति’ निघाली. विहाराच्या ओट्यावर दहा-बारा जणी बसायच्या. काही जणींना लिहिता-वाचता येत नाही, त्यांचे ऐकणे सर्वांत तिखट.

लग्नानंतरच्या पहिल्या रात्रीचा प्रसंग आला. नवऱ्याच्या तोंडाला मद्याचा वास येतो आणि देवयानी संतापते. मी आपली पुढे वाचत होते. एका मावशीने हात वर केला. म्हणाली, “थांब गं ताई. हिचं काय चुकलं?” तिथून तासभर पुस्तक पुढे गेले नाही. पगाराच्या दिवशी नवऱ्याला कारखान्याच्या गेटवरच गाठणाऱ्या बाया आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. तो वास दारातून आत येण्याआधी मुलांना पांघरुणाखाली झोपल्याचे सोंग घ्यायला लावणाऱ्या आयाही पाहिल्या आहेत. त्यांना देवयानीचा संताप उद्धटपणा वाटला नाही.

आणि देवयानीला त्या वासाची चीड असायला कारणही आहे. कच-देवयानीच्या जुन्या कथेत असुर कचाची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांना पाजतात. मद्याच्या त्या एका पेल्यामुळे त्यांची आयुष्यभराच्या तपाची संजीवनी विद्या हातची जाते. खाडिलकरांनी १९१३ साली याच कथेवर ‘विद्याहरण’ नाटक लिहिले, त्याचा सगळा रोख दारूवरच आहे. म्हणजे देवयानी ही दारूने बापाचे नुकसान पाहिलेली मुलगी. अशा मुली आपल्याकडे घराघरात आहेत. त्यांची लग्ने होतात, आणि पहिल्याच आठवड्यात तोच वास नवऱ्याच्या तोंडाला आला की त्या ज्या पद्धतीने बोलतात, ते काही गोड बोलणे नसते. खांडेकरांना हे कारण माहीत होते, त्यांनी ते लिहिलेही. पण एकदा लिहून ते पुढे निघून गेले. त्यानंतर कादंबरीभर देवयानी म्हणजे अहंकार, मत्सर, सूड, आणि शर्मिष्ठा म्हणजे प्रेम, सेवा, त्याग. वाचकाने कुणाकडे झुकायचे हे आधीच ठरून जाते.

माझी खरी अडचण इथून पुढे आहे. आमच्याकडे येणाऱ्या तंट्यांत मी ययातीला अनेक वेळा भेटले आहे. पस्तीस-चाळीस वर्षांचा, नोकरीधंद्याचा, बोलायला चांगला माणूस. दुसरीकडे खोली घेऊन राहतो. बैठकीत खुर्चीवर बसतो आणि सांगू लागतो. लग्न झाल्यापासून हिने कधी प्रेमाने विचारपूस केली नाही, हिला माझ्या मनाचे कधी कळले नाही, मी घरात एकटा होतो, दुसरीकडे मला समजून घेणारे माणूस मिळाले. मध्येच त्याच्या डोळ्यांत पाणी येते. आणि बसलेले पंच हळूहळू मऊ होतात. एखादा वयस्कर दादा तर म्हणतोच, “वहिनी, तुम्हीही जरा नमतं घ्यायला पाहिजे होतं.” मग बायकोला विचारले की ती चार वाक्यांत संपते. पैसे देत नाही. मारतो. मुलाची फी राहिली आहे. मला काही बोलायचं नाही.

कादंबरीतही सर्वांत जास्त पाने ययातीची आहेत. तो स्वतःला दोष देतो, स्वतःवर चिडतो, रडतो, आणि इतके सुंदर बोलतो की त्याने काय केले ते मागे पडते. आपल्या दोषाची कबुली देणारा माणूस प्रामाणिक वाटतो. प्रामाणिक वाटलेल्या माणसाला माफी लवकर मिळते. खांडेकरांना ययातीची बाजू घ्यायची नव्हती, हे मला मान्य आहे. सुखाच्या मागे धावणाऱ्या आजच्या माणसाचा नमुना म्हणून त्यांनी तो उभा केला आणि त्याची दुर्दशाही दाखवली. तरी ओट्यावर बसलेल्या एका तरुण वहिनीने विचारलेला प्रश्न मला पुसता आला नाही. ती म्हणाली, “ताई, देवयानी गोड बोलली असती तर हा सुधारला असता का?” मुकुलिका आठवा. ती तर देवयानी त्या घरात यायच्या आधीची.

पण म्हणून देवयानी आपली झाली का? तेही नाही. आणि इथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते.

दोन मैत्रिणींचे भांडण झाले. एकीने दुसरीला विहिरीत ढकलले, गुन्हा मोठाच आहे. पण त्याची शिक्षा म्हणून देवयानी काय मागते? जन्मभराची गुलामी. तीही एकट्या आपल्या मनाने नाही, बापाच्या विद्येच्या जोरावर. शुक्राचार्य रुसून निघून गेले तर असुरांचे राज्य बुडेल, म्हणून राजकन्या मान खाली घालून दासी होते. हा भाग वाचताना एक आक्का, जिने कल्याणात बंगल्यांची धुणी-भांडी करून तीन मुले शिकवली, ती म्हणाली, “ही बाई मी ओळखते. हिच्याकडं मी नऊ वर्षं काम केलंय.” सगळ्या हसल्या. मग तिने सांगितले की त्या घरातली बाईही नवऱ्याच्या हातचा मार खायची आणि दुपारी तोच राग मोलकरणीवर काढायची. देवयानी एवढीच. नवऱ्याच्या दारात ती सोसणारी, आपल्या दारात ती सोसायला लावणारी.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. तिथे बाबासाहेबांनी स्वच्छता, शिक्षण, मुलांची लग्ने लवकर न करणे या गोष्टी सांगता सांगता लग्नाबद्दलही सांगितले. लग्न होणाऱ्या मुलीने नवऱ्याच्या पाठीशी उभे राहावे, पण त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून. दासी व्हायला तिने नकार द्यावा, असा त्यांचा सांगावा होता. ‘ययाति’ हातात घेऊन हे आठवले की कादंबरीतल्या दोघी त्या सांगाव्याच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या दिसतात. शर्मिष्ठा दासी होते आणि त्या दासीपणातच तिला प्रेमाची धन्यता वाटते. देवयानी दासी व्हायला नकार देते, पण बरोबरीची मैत्रीण व्हायचे तिलाही सुचत नाही. मालकीण होणे तेवढे तिला माहीत आहे. ज्या घरात मालक आणि दासी ही दोनच नाती आहेत, तिथे तिसरे कुठून येणार?

आता एक गोष्ट, जी मला आधी कधी जाणवली नव्हती आणि ओट्यावरच्या वाचनात जाणवली. शर्मिष्ठा दासी होते म्हणून आपण हळहळतो. पण ती राजकन्या असते म्हणून हळहळतो. त्याच महालात जन्माच्या दासी आहेत. अलका ही ययातीच्या दाईची मुलगी. राजपुत्राचा जीव तिच्यावर जडला, एवढ्या अपराधासाठी राजमातेच्या हुकमाने तिला विष दिले जाते. मागे राहतो तो ययातीच्या मनात तिचा सोनेरी केस. मुकुलिका अशोकवनातली दासी. बाप मरणाला टेकलेला असताना घाबरलेला ययाति तिच्या मिठीत शिरतो, आणि नंतर नगरातून हाकलली जाते ती मुकुलिका. पुढे ती कथेत परत येते तेव्हा वाईट बाई म्हणूनच येते. ययाति बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. अलकेला आणि मुकुलिकेला एकही प्रकरण नाही. मुकुलिका हाकलल्यावर कुठे राहिली, काय खाल्ले, तिला कोणी आसरा दिला, हे तिच्या तोंडून ऐकायला मला आवडले असते. आपल्यातल्या लिहित्या बायांनी पुढे जेव्हा स्वतःची चरित्रे लिहिली, शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, ऊर्मिला पवार, तेव्हा ते न लिहिलेले प्रकरण कुठेतरी भरून निघाले असे मला वाटते. त्यात राणी नाही, अशोकवन नाही, पण बाई स्वतः बोलते.

जाता जाता जातीचेही सांगून टाकते, कारण पुस्तकात ते झाकलेले आहे. देवयानी ब्राह्मणाची मुलगी आणि ययाति क्षत्रिय. शास्त्राच्या भाषेत हा प्रतिलोम विवाह. मनुस्मृतीच्या हिशेबाने क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांचे मूल सूत ठरते, आणि बाप शूद्र असता तर चांडाळ. पण इथे शुक्राचार्यांनी मान डोलावली आणि सगळे शुद्ध झाले. त्या मुलापासून, यदूपासून, यादवांचा थोर वंशही निघाला. म्हणजे नियम कोणासाठी होता? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती का जाळली, हे समजावून सांगायला मला वेगळे उदाहरण लागत नाही.

“देवयानीने मग करायचं काय होतं?” हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघे. तिच्या हातात फक्त बापाचा शाप होता आणि तो तिने वापरला. आपल्या बहिणींच्या हातात आज कायदा आहे, म्हणून तेवढे मी त्यांना सांगितले, इथेही सांगते. हिंदू कोड बिल पुढे सरकत नाही असे दिसल्यावर बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले, त्यातला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. तो बौद्धांनाही लागू आहे, हे अजून कित्येकांना माहीत नाही. या कायद्याने एक बायको हयात आणि लग्न कायम असताना दुसरे लग्न करता येत नाही. केले तर ते लग्नच नव्हे, वर तो गुन्हा. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ खाली येई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८२ आहे. क्रूरपणाच्या कारणावरून घटस्फोट आणि दोघांच्या संमतीने घटस्फोट या दोन्ही वाटा १९७६ च्या दुरुस्तीने मोकळ्या झाल्या. मारहाण, शिवीगाळ, पैशाची कोंडी, घराबाहेर काढणे याविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याखाली बाईला राहत्या घरात राहण्याचा आदेशही मिळू शकतो, घर नवऱ्याच्या नावावर असले तरी. ‘ययाति’ १९५९ ची, म्हणजे विवाह कायदा झाल्यावर चार वर्षांनी आलेली. राजाच्या दोन संसारांची गोष्ट वाचताना त्या वेळच्या किती वाचकांना हा कायदा आठवला असेल, कोण जाणे.

वैराग्य आणि चैन यांचे भांडण हा कादंबरीचा मोठा विषय. यति देहाचा आणि बाईचा द्वेष करता करता वेडाच्या कडेला जातो, ययाति देहापलीकडे काही बघत नाही, आणि मधला शहाणा माणूस म्हणून कच येतो. बौद्ध वाचकाला मधली वाट काही नवीन नाही. तरी कचाचा मला थोडा कंटाळाच आला. तो फार उपदेश करतो, आणि संसार कसा करावा हे ज्याने संसार केला नाही त्याच्याकडून किती ऐकायचे? त्यापेक्षा सिगालोवाद सुत्तातली पतीची पाच कर्तव्ये बरी. बायकोचा मान राखणे, अपमान न करणे, परस्त्रीकडे न जाणे, घरातला अधिकार तिला देणे, दागदागिने देणे. विहारात आपण हे कितीदा ऐकतो. ययातीचा हिशेब मांडला तर शेवटची दोन जमा आणि पहिली तीन नावे. मी कारकून आहे, मला असाच हिशेब सुचतो. घर सोडून जाणाऱ्याचेही दोन प्रकार असतात. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये, जो ‘ययाति’च्या दोनच वर्षे आधी, १९५७ साली आला, सिद्धार्थ मध्यरात्री बायकोला झोपेत टाकून जात नाही. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा उभा राहिलेला असतो, आणि यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन तो निघतो. नवरा-बायकोचे बोलणे झाले, एवढा फरक.

इतके भांडल्यावर एक प्रसंग असा की तिथे मी खांडेकरांपुढे गप्प होते. पुरू बापाचे म्हातारपण घेतो तो प्रसंग. आमच्या ओट्यावरही तिथे कुणी बोलले नाही. बापाने आयुष्य उधळायचे आणि मुलाने त्याचे म्हातारपण अंगावर घ्यायचे, हे आपल्याकडे शापाशिवायच घडते. बारावी सोडून रिक्षा चालवणारा, बापाचे कर्ज फेडता फेडता तिशीत पोक्त दिसू लागलेला मुलगा मी दाखवू शकते. एकाला नाही, गल्लीगल्लीत. (कारखाना बंद पडल्यावर ज्यांनी शाळा सोडल्या त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बापांनी काही उधळले नव्हते, त्यांच्या हातचे काम गेले होते. दोन्ही एकात मोजू नयेत.) पुरू हसत ते ओझे घेतो आणि सगळे त्याला धन्य म्हणतात. गिरीश कर्नाड यांनी मात्र तसे म्हणायचे नाकारले. आपल्या जवळच्याच माथेरानला १९३८ साली जन्मलेला हा लेखक. त्याचे ‘ययाति’ नाटक १९६१ साली कानडीत आले. त्यात त्याने पुरूला चित्रलेखा नावाची नवी नवरी दिली. सासऱ्याचे म्हातारपण नवऱ्याने घेतले तर माझ्या संसाराचे काय, हा प्रश्न ती थेट सासऱ्याला विचारते. उत्तर मिळत नाही आणि ती जीव देते. कुसुमाग्रजांनीही १९६६ मध्ये ‘ययाति आणि देवयानी’ हे संगीत नाटक लिहिले, त्यातली अभिषेकीबुवांची गाणी आपण रेडिओवर ऐकलेली आहेत. एकाच घराचे भांडण इतक्यांना परत परत का मांडावेसे वाटले असेल? मला वाटते, ते घर कुणालाच नीट मिटवता आले नाही म्हणून.

चित्रलेखेची गोष्ट मी ओट्यावर तोंडीच सांगितली. ज्या तरुण वहिनीने देवयानीबद्दल विचारले होते, तिने विचारले, “तिनं जीव का द्यायचा? माहेरी का नाही गेली?” त्यावर मावशी म्हणाली, “माहेरी बापानं ठेवलं असतं तर ना.”

पुस्तक संपायला चार महिने लागले. त्यानंतर तीन जणींनी माझी प्रत घरी नेली. एकीने ती मुद्दाम नवऱ्याच्या उशाशी ठेवली, देवयानीच्या भागात बसचे तिकीट खुणेला घालून. आठ दिवसांनी तिने प्रत परत आणून दिली. मी विचारले, “वाचलं का भाऊंनी?” म्हणाली, “वाचलं ना. रात्री जागून वाचलं. तिकीट आहे तिथंच आहे. मला विचारत होते, शर्मिष्ठा पळून गेल्यावर तिचं पुढं काय झालं, तेवढं सांग.”

“मग सांगितलंस?”

“नाही. म्हटलं, मधली पानं वाचा, मग सांगते.”